तलावावरची बारा माणसं

माझे वडील बाजीराव सोनवणे सव्वीस वर्षं तुरुंगात होते, असं मी कॉलेजात सांगायचे. मैत्रिणी दचकल्या की म्हणायचे, "अगं, शिपाई म्हणून!" वडगाव निंबाळकरच्या आमच्या वस्तीत पहिला सरकारी गणवेश आबांच्याच अंगावर आला. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. नोकरीबद्दल ते फारसं बोलत नाहीत. बोललेच, तर २००३च्या उन्हाळ्याबद्दल.

त्या दुष्काळात इंदापूर तालुक्यातल्या एका गावाचा तलाव गाळानं भरून कोरडा पडला होता. खुल्या कारागृहातल्या, वागणूक चांगली असलेल्या कैद्यांना लोकांच्या उपयोगाच्या कामावर बाहेर नेता येतं. केलेल्या कामाच्या बदल्यात शिक्षेत सूट मिळते. त्या नियमाखाली बारा कैदी गाळ उपसायला आले आणि तलावाकाठी तंबू ठोकून राहिले. राखायला एकटे आबा, एक काठी आणि एक शिट्टी.

गावानं पहिला आठवडा त्यांच्याकडं पाठच फिरवली होती. बायका तलावाकडची वाट टाळून लांबून जायच्या.

बारांतला एक पणदऱ्याचा जोतीराम. बांधावरून भांडण झालं, रागाच्या भरात त्यानं चुलतभावाच्या डोक्यात खोरं घातलं आणि जन्मठेपेवर गेला. कोणाशी बोलायचा नाही, पण दोघांचं काम एकटा ओढायचा.

एका संध्याकाळी आबांनी शिट्टी मारली, माणसं रांगेत उभी केली. अकराच भरली. जोतीराम नव्हता.

आबा सांगतात, "नोकरी तर जाणारच, पन ह्या कामावर परत कुना कैद्याला सोडनार न्हाईत, ह्येच पयलं डोक्यात आलं."

गावचे पोलीस पाटील धावत आले. "तवाच म्हनलो हुतो, खुन्याचा भरवसा धरू नगा!"

रांगेतला एक जण पुढं झाला. "सायेब, त्यो पळायचा न्हाय. आमाला सोडा, आमी हुडकून आणतो."

एक पळाला असेल तर उरलेले अकराही सोडायचे? पाटलांनी डोक्याला हात लावला. आबांनी अकरा जणांच्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "जावा."

अकरा माणसं अकरा दिशांना पांगली. आबा म्हणतात, एवढा लांब अर्धा तास मी आयुष्यात काढला न्हाय.

मग तलावाच्या वरच्या अंगानं आरोळी आली. आबा काठी उगारूनच धावले. गाळाखाली बुजलेल्या एका जुन्या आडात जोतीराम पुरुषभर खाली उतरलेला. शिट्टी त्याला ऐकूच गेली नव्हती. वर बघून म्हणाला, "सायेब, वल लागलीय. खाली झरा हाय. आता हात काडला तर माती परत बसंल."

आबांनी काठी टाकली, बूट काढले आणि आत उतरले. मागोमाग दोन कैदी, मग स्वतः पाटील. दिवस मावळता मावळता गढूळ पाणी घोट्याला लागलं. जोतीराम चिखलात बसून ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई नावाची म्हातारी पाटी घेऊन तलावावर आली. भाकरी, ठेचा, कांदा. "तेरा जणांचं हाय," ती आबांना म्हणाली. "तुमीबी बसा त्यांच्यासंगं." त्या दिवसापासून गावच्या बायका पाण्याला तिथंच येऊ लागल्या.

आबांनी सगळं जसं घडलं तसं वरिष्ठांना लिहून कळवलं. अकरा कैदी मोकळे सोडल्याबद्दल मेमो आला. नोकरीतला तेवढा एकच. काम मात्र थांबलं नाही, आणि पाऊस पडायच्या आत तलाव मोकळा झाला. पुढं जोतीराम सुटला, पणदऱ्यात राहून त्यानं शेती केली. दोन वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा आबांनी त्याला खांदा दिला.

मागच्या वर्षी गुडघा दाखवायला मी आबांना इंदापूरला नेलं. दवाखान्याच्या आवारात नागेश नावाचा चाळिशीचा माणूस झाडू मारत होता. दारू पिऊन स्टँडवर धिंगाणा घातला म्हणून नव्या कायद्यानं त्याला दहा दिवस समाजसेवेची शिक्षा झाली होती. दोघं जण हसत त्याचा व्हिडिओ काढत होते.

"बंद करा ते!" आबा कडाडले. "काम करतोय त्यो."

मग नागेशशेजारी कट्ट्यावर बसून त्यांनी त्याला तलावाची गोष्ट सांगितली. तो झाडू मांडीवर घेऊन ऐकत राहिला.

परतताना आबा म्हणाले, "करुणा, जरा तलावाकडनं गाडी घे."

तिथं आम्हाला कोणी ओळखलं नाही. मोटर चालू करायला आलेल्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "कोन पायजे, बाबा?"

"कोन न्हाय. पाणी बघाय आलो. कवापातूर पुरतं?"

"एप्रिल निघतो की."

आबांनी मान हलवली. तंबू कुठं होते ते मला दाखवलं. बारामतीपर्यंत ते त्या बारा जणांबद्दलच बोलत होते: भजन कोण म्हणायचा, भाकरी कोणाची गोल यायची, कोणाला घरून कधीच पत्र आलं नाही.