वाकड्या रेघा दाखवणारा कॅमेरा

"बाई, हाही वाकडाच दाखवून राह्यला," मनोहरभाऊ म्हणाले आणि त्यांनी कॅमेरा काउंटरवर ठेवून दिला.

हा त्या सकाळचा दुसरा कॅमेरा होता. पहिल्यापेक्षा वेगळी कंपनी, वेगळी लेन्स, खोकं त्यांच्यासमोर उघडलेलं. दोन कंपन्यांचे दोन कोरे कॅमेरे एकाच दिवशी एकाच तऱ्हेने बिघडलेले निघतात, असं माझ्या दुकानात कधी झालं नव्हतं.

ईरा, नील, चंद्रपूरचं आपलं दुकान तुम्ही पाहिलंय. पुढे पासपोर्ट फोटोचं स्टूल, मागे कॅमेऱ्यांचं काचेचं कपाट. तुमचे आजोबा फोटो काढायचे. कॅमेरे विकायचं काम पहिल्यापासून माझं. माहितीपुस्तकं इंग्रजीत यायची आणि ती शेवटच्या पानापर्यंत वाचायचा कंटाळा मला नव्हता, म्हणून ते माझ्याकडे आलं. आजही हौशी फोटोग्राफर कॅमेरा घ्यायच्या आधी माझ्याशी बोलायला येतात. मनोहरभाऊ त्यातले सगळ्यात जुने.

ते कोळसा खाणीत सर्व्हेअर होते. जमिनीखालचा रस्ता कोणत्या दिशेने आणि किती सरळ खोदायचा, हे दुर्बिणीतून बघून ठरवणारा माणूस. रिटायर झाल्यापासून पक्ष्यांचे फोटो काढतात. ताडोब्याच्या वाघात त्यांना रस नाही. "वाघाचे फोटो काढाले अर्धी दुनिया येऊन राह्यली, आपण काऊन गर्दी करा?" असं म्हणतात. ते जातात सिंदेवाही-नागभीडकडच्या मामा तलावांवर. मामा म्हणजे माजी मालगुजारी. जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, भातासाठी बांधलेले तलाव. तिथे हिवाळ्यात चक्रवाक आणि पट्टकादंब हे पाहुणे पाणपक्षी उतरतात. उन्हं वाढली की ते परत जातात. त्या आधी नवा कॅमेरा हातात पाहिजे, अशी भाऊंची घाई होती.

घाईचं कारण त्यांचा जुना कॅमेरा. डोळा लावला की तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, मध्येच फुगलेली दिसते, सागाचं खोड कमरेत वाकतं, अशी त्यांची तक्रार होती. मी आधी लेन्सवर संशय घेतला. लेन्समध्ये बऱ्याच काचा एकापुढे एक बसवलेल्या असतात. धक्का लागून एखादी जरा सरकली तर चित्र बिघडतं. लेन्स नागपूरला सर्व्हिस सेंटरला पाठवली. ती "दोष नाही" असा शेरा घेऊन परत आली.

मग मी त्यांचे फोटो कॉम्प्युटरवर उघडले. खोडं सरळ होती, पाळही सरळ होती. म्हणजे लेन्स निर्दोष होती. त्यांचा कॅमेरा डीएसएलआर. त्यात आत एक आरसा असतो, आणि आपण डोळा लावतो त्या खिडकीत, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये, त्या आरशातून आलेलं दृश्य दिसतं. फोटो मात्र मागच्या सेन्सरवर उमटतो. फोटो नीट आणि खिडकीतलं दृश्य वाकडं, तर दोष खिडकीच्या वाटेवर कुठेतरी. मी म्हटलं, भाऊ, आता मिररलेस घ्या. त्यात आरसाच नाही. खिडकीत एक इवलासा टीव्ही असतो, सेन्सरला दिसेल तेच तो दाखवतो. वाकडं दिसायचा प्रश्नच मिटला.

हिशोब अगदी चोख होता. आणि आता दोन मिररलेस कॅमेरे काउंटरवर पडून होते आणि भाऊंना दोन्ही वाकडे दिसत होते.

मी दुसरा उचलून डोळ्याला लावला. खिडकीत ग्रिड लावलेलं होतं. ग्रिड म्हणजे क्षितिज तिरपं होऊ नये म्हणून चित्रावर दिसणाऱ्या उभ्याआडव्या रेघा. त्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ होत्या.

"नेमकं कुठे वाकडं दिसतं?"

"मधात. आडवी रेघ मधात आली का खाली लोंबते. वाळत घातल्या लुगड्यावानी."

"आणि पहिल्यात?"

"तिथीच. आन् माह्या जुन्यातही तिथीच."

मी कॅमेरा खाली ठेवला. तीन वेगळी यंत्रं आणि बाक एकाच जागी. तिन्हींमध्ये समान काय होतं, ते माझ्यासमोर खुर्चीवर बसलं होतं.

"भाऊ, जरा डाव्या डोळ्याने बघा."

"डाव्यानं कोन पाह्यते? नाक मधात येते." ते कुरकुरले. जन्मभर दुर्बीण उजव्या डोळ्याने आणि कॅमेराही उजव्याच डोळ्याने; डावा मिटलेला. तरी त्यांनी डोळा बदलला. नाक मागच्या स्क्रीनवर दाबलं गेलं.

"काय दिसतं?"

"सरळ हाये," ते हळूच म्हणाले.

त्यांच्या पत्नी सुमनबाई पासपोर्टच्या स्टुलावर बसून होत्या. त्या उठून जवळ आल्या. "काय झालं वो?"

मी भाऊंना डाव्या डोळ्यावर तळहात धरायला सांगितला आणि समोरच्या बंद दुकानाचं शटर दाखवलं. शटरच्या पट्ट्या मधोमध गुंडाळल्यासारख्या दिसतात, असं ते म्हणाले. मग तळहात तसाच धरून त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमचं नाक कुठी गेलं?"

सुमनबाईंना हसू फुटलं आणि अर्ध्यातच थांबलं, कारण भाऊ थट्टा करत नव्हते. त्यांना माझे कान दिसत होते, केस दिसत होते, खांदे दिसत होते. चेहऱ्याच्या जागी करडा डाग होता.

"देवा!" सुमनबाई म्हणाल्या. "म्हनून घरातले सारे देव वाकडे केले यायनं! दिवाळीपासून रोज एक डोया मिटते, फ्रेम पाह्यते आन् खिळा हलवते. मी म्हनो, अवो सरळ हाये. तर म्हने, तुले काय समजते, मी सर्व्हेअर हावो."

मला हा सगळ्यात मोठा धक्का होता. इतक्या महिन्यांत या माणसाला कळलं कसं नाही? पण त्याचं उत्तर त्यातच होतं. दोन्ही डोळे उघडे असताना डावा डोळा उजव्याची उणीव भरून काढत होता. पेपर वाचता येत होता, स्कूटर चालत होती. डावा मिटायचा तो फक्त मोजायला आणि फोटो काढायला. आणि त्या दोन्ही कामांत भाऊंचा स्वतःच्या नजरेवर इतका भरवसा की डोळा सोडून जगातल्या सगळ्या वस्तूंवर संशय घेऊन झाला होता. त्या संशयाला मीही नागपूरपर्यंत साथ दिली होती.

"नंबर वाढला असन," भाऊ म्हणाले. "खिडकीजवळ ते चकरी असते ना नंबराची, ते फिरवून द्या."

"चकरीने अंधुक दिसणारं स्पष्ट होतं, भाऊ. वाकडं सरळ होत नाही. आज डोळ्याच्या डॉक्टरकडे जा."

"जाईन ना. शनिवारी तलावावर जाऊन येतो, मंग सोमवारी जाईन. तुमी बिल बनवा."

"बिल होणार नाही."

"काऊन?"

"मी आज तुम्हाला कॅमेरा विकत नाही."

ते उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "दुकान हाये का दवाखाना हाये हा? पैसे घेऊन आलो तर नाई म्हन्ता? ठीक हाये, मी नागपूरहून घेतो!"

"घ्या. पण आधी डोळा दाखवा." मी दोन्ही कॅमेरे कपाटात ठेवले आणि कुलूप लावलं. गिऱ्हाइकासमोर मी असं कधी केलं नव्हतं. किल्ली पहिल्या खेपेला लागलीच नाही.

निकाल सुमनबाईंनी लावला. स्कूटरची चावी काउंटरवर होती, ती त्यांनी उचलून पर्समध्ये टाकली. "चाला. पायी चाला. दवाखाना चौकातच हाये."

"अवं पन शनिवारी..."

"बदकं पुढच्या साली येतीन. चाला म्हन्ते ना."

दुपारी चौकातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. सुमनबाईंनीच मला कळवायला सांगितलं होतं. आपल्या डोळ्यात मागे एक पडदा असतो, रेटिना. कॅमेऱ्यात सेन्सर असतो तसाच. त्याचा अगदी मधला ठिपका म्हणजे मॅक्युला. अक्षरं, चेहरे, बारकावे आपण त्याच्यानेच बघतो. भाऊंच्या उजव्या मॅक्युलाखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढल्या होत्या आणि त्यातून पाणी झिरपत होतं. सेन्सरच खालून फुगला होता. फुगलेल्या पडद्यावर सरळ रेघ सरळ कशी पडणार? वयामुळे असं होतं, दुखत नाही, डोळा लालही होत नाही.

"उद्याच नागपूरला पाठवतेय," त्या म्हणाल्या. "आधी आले असते तर जास्त वाचलं असतं. अजून उशीर केला असता तर मधलं सगळंच गेलं असतं. आणि डाव्या डोळ्यातही सुरुवातीच्या खुणा आहेत."

डावा! मी फोन ठेवला. त्याच डाव्या डोळ्याच्या भरवशावर भाऊ इतके महिने स्कूटर चालवत होते.

नागपूरला त्यांच्या डोळ्यात इंजेक्शन दिलं. हो, डोळ्यातच. मीही ऐकून खुर्चीचा हात धरला होता. बधिर करून देतात आणि ठरावीक अंतराने पुन्हा द्यावं लागतं. पाणी ओसरलं. रेघांचा बाक कमी झाला. डाग मात्र पूर्ण गेला नाही, जाणारही नाही. डाव्या डोळ्यावर डॉक्टर नजर ठेवून आहेत.

पावसाळा संपल्यावर दोघं पुन्हा दुकानात आले. भाऊ काउंटरसमोरच्या खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "आता दाखवा. डाव्या डोयाच्या मानसाले कोनता जमते ते."

मेगापिक्सेल आणि कंपनीचा विषयच निघाला नाही. डाव्या डोळ्याने बघणाऱ्याचं नाक मागच्या टचस्क्रीनवर टेकतं आणि फोकस भलतीकडे पळतो. म्हणून स्क्रीन उलटा करून मिटता येणारा कॅमेरा हवा. खिडकी मोठी हवी, डोळा थोडा लांब असला तरी पूर्ण चित्र दिसणारी. पक्ष्याचा डोळा कॅमेऱ्याने स्वतः शोधून धरायला हवा, कारण बारीक फोकस आता भाऊंनी नजरेने ताडायचा नाही. या अटींत कपाटातले सगळ्यात महागडे दोन बाद झाले. मधल्या किमतीचा एक बसला. त्यांनी तो डोळ्याला लावून समोरचं शटर पाहिलं, मग सुमनबाईंकडे वळवला.

"नाक हाये का?" त्यांनी विचारलं.

"हाये. पैलेपासूनच मोठं हाये."

त्या हिवाळ्यात त्यांनी चक्रवाक टिपले. पहिले फोटो डावीकडे झुकलेले आले. नव्या डोळ्याला हात बसायला वेळ लागतो. नंतरचे चांगले आहेत.

माझ्यापुरतं सांगायचं तर कॅमेऱ्याची तक्रार आली की मी आता लेन्स काढत नाही. आधी गिऱ्हाइकाला डोळा बदलायला सांगते. लोक हसतात. एकजण तर उठून गेला. तुमच्या आईबाबांचीही वयं आता वाढली आहेत, तेव्हा त्यांना दाराच्या चौकटीसमोर उभं करा, एक डोळा झाकून चौकट सरळ दिसते का ते बघायला लावा, मग दुसरा झाकून. चष्मा घालून. रविवारी फोनवर मी दोन्ही डोळ्यांचं वेगवेगळं विचारणार आहे. "ठीक आहे" हे उत्तर चालणार नाही.