मामंजींनी भाकरी सोडली!

माझ्या सासऱ्यांच्या नावानं आमच्या अंगणात तीसेक माणसं रडत होती, आणि सासरे मळ्यात कांद्याला पाणी देत होते.

मी घरात बाजरीच्या कणगीला पाठ लावून उभी होते. कणगीत एक पाव होता. सगळा घोटाळा त्या पावानं केला होता. (खोटं कशाला बोलू, मीच केला होता. पाव बिचारा बाजरीत गप्प पडून होता.)

माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत खलाशी. स्टेशनाजवळच्या भट्टीतून पहाटे असा वास सुटायचा की झोपलेलं माणूस उठून बसावं! आमच्या घरी सकाळी चहा आणि पाव. चौथीनंतर मी शाळा सोडली, पण पाव सोडला नाही.

मग लग्न होऊन आले भीमेकाठी, वडगाव रासाईला. तिथं पाव म्हणजे आजाऱ्याचं खाणं. ज्याच्या पोटात भाकरी ठरत नाही त्याला दुधात पाव कुस्करून द्यायचा. धडधाकट माणूस पाव खातो, हे त्या गावात कोणाला ठाऊकच नव्हतं. ज्या घरात पाव शिरला, त्या घरात कोणीतरी खाटेवर आहे असं सगळे समजून चालायचे.

त्यातून आमचे मामंजी! गाव त्यांना आबा म्हणायचं. त्यांना भाकरी लागायची ती बाजरीची, ताटाबाहेर जाईल एवढी, टम्म फुगलेली. पापुद्रा मोडताना आवाज आला पाहिजे. एका बैठकीला अशा चार. आणि कान असे की बाहेर ओट्यावर बसून, नुसत्या थापण्याच्या आवाजावरून ओरडायचे, "आज सूनबाई थापतीया व्हय? मधी जाड ऱ्हायली!" मी भाकरी उचलून बघायची, तर खरंच मध्ये जाड! मी थक्क व्हायची. देवानं ह्या माणसाला कान दिलेत की दुसरं काही?

बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी परातीतच फाटायची. भल्याभल्यांनी तोंडं फिरवली. मामंजींनी मिलोला शिव्या दिल्या, पण चार खाऊनच उठले. त्या माणसाची भाकरी दुष्काळालाही सोडवता आली नाही. एवढं ध्यानात ठेवा.

लग्नाला दोन वर्षं होत आली होती. आठ दिवस माहेरी राहून परत निघाले, तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. भावाकडून विटेएवढा एक पाव आणवला, लुगड्यात गुंडाळला आणि बोचक्यात कोंबला. बेत साधा होता. कणगीत लपवायचा आणि रोज परसात चहाबरोबर एक तुकडा खायचा. दौंडहून एसटीनं वरवंड, तिथून मिळेल ती बैलगाडी, आणि शेवटी भीमा ओलांडायला नाव. नावेत बसेपर्यंत सगळं नीट होतं. नावेत बोचकं कलंडलं, गाठ सुटली आणि पावानं डोकं बाहेर काढलं.

नाव चालवणारे धोंडीआप्पा म्हणाले, "सूनबाई, पाव दिसतुया. कोन आजारी हाय?"

सगळी नाव माझ्याकडं बघायला लागली. 'माझ्यासाठी आहे' म्हणावं, तर दौंडची सून भाकरीला नाक मुरडते असं गावभर झालं असतं. 'मी आजारी आहे' म्हणावं, तर नव्या सुनेचं आजारपण एकाच कारणाचं असतं, आणि नाव काठाला लागायच्या आत बारशाचं नावही ठरलं असतं! माझ्या तोंडातून निघून गेलं, "मामंजींना जरा बरं न्हाई."

"आबाला? आन् आबा पाव खातुय?"

"भाकर जात न्हाई त्यांना."

एवढंच बोलले मी. धोंडीआप्पांचा हात वल्ह्यावरच थांबला. नाव सरळ जायची सोडून धारेबरोबर खाली निघाली.

"दुष्काळात सोडली न्हाई, त्या गड्यानं आता भाकर सोडली?" आप्पा म्हणाले. "मंग ऱ्हायलंच काय!"

पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

गावातली माणसं म्हणाली, दिवेलागणीला आजाऱ्याच्या दारात जाऊ नये, सकाळी जाऊ. (मला वाटलं, निभावलं!) पण आप्पांनी उलट्या फेरीला बातमी पल्याड नेली. तिथून ती वरवंडला गेली आणि वरवंडहून एसटीत बसून यवतला माझ्या नणंदेच्या घरी उतरली. मला दौंडहून यायला अख्खा दिवस लागला होता. बातमी न जेवता, न थांबता पोचली!

सकाळी मामंजी नेहमीसारख्या चार भाकरी खाऊन मळ्यात गेले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गवत आणायला गेल्या. आमचे मालक शिरूरच्या बाजाराला. (मोक्याच्या वेळी ते घरी कधीच नसत.) तेवढ्यात यवतहून आलेल्या गोदा वन्संनी वेशीपासूनच सूर लावला.

"माझ्या आबाऽ! चार भाकरीचा गडी गं माझाऽ, कसा पावावर आला गंऽ! आता मला वाटं लावाया कोन यील गंऽ!"

मी दारातून ऐकत राहिले. ही बाई पहाटेची एसटी धरून, नावेतून नदी ओलांडून, उन्हातून चालत आली, आणि चालता चालता एवढं सगळं जुळवलं! आजाऱ्याला भेटायला निघालेल्या गावकऱ्यांनी लेकीचा टाहो ऐकला आणि धरून चालले की आबा गेले. ते रडतच आत आले. तेवढ्यात आत्याबाई डोक्यावर भारा घेऊन आल्या. अंगण भरलेलं, मधोमध लेक ऊर बडवतेय. त्यांना वाटलं, जावई गेला! त्यांनी भारा टाकला आणि कपाळावर हात मारला. आईच कपाळ बडवतेय हे पाहून गोदा वन्संची उरलीसुरली आशा संपली. आता कोणी कोणाला काही विचारायचा प्रश्नच नव्हता.

मी बाहेर येऊन 'जिवंत आहेत हो' म्हणायला हवं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, पाव कुणाचा? मी कणगीला आणखी चिकटले. ओट्यावर बघते तर यवतहून, वरवंडहून लोकांनी भेटीला आणलेले पाचेक पाव रांगेनं ठेवलेले!

आणि मामंजी आले. खांद्यावर फावडं, गुडघ्यापर्यंत चिखल. गर्दी बघून त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं, मुंडासं काढलं आणि रीतीप्रमाणं पुरुषांत जाऊन खाली बसले. शेजारी धोंडीआप्पा गुडघ्यात डोकं घालून रडत होते.

"कोन गेलं रं आप्पा?"

आप्पा मान वर न करता म्हणाले, "आबा गेला."

"कुठला आबा?"

"आपला."

"अरारारा!" मामंजींनी डोळ्याला पंचा लावला. "चांगला मानूस व्हता."

आप्पांनी 'व्हय' म्हणून मान वर केली. मग त्यांनी जी बोंब ठोकली, ती पल्याडच्या काठावर ऐकू गेली म्हणतात!

गोंधळ शमल्यावर मामंजी उभे राहिले. "मला मारलं कुनी?"

सगळ्यांनी आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी घराकडं बोट केलं. "तुझी सूनबाई म्हनली, भाकर जात न्हाई तुला. पाव आनलाय म्हनली."

आत्याबाईंचे डोळे तिथल्या तिथं कोरडे झाले. "आन गं त्यो पाव!"

मी कणगीत हात घातला. पावाला चहूकडून बाजरी चिकटली होती. डोक्यावर पदर ओढून तो अंगणात आणून ठेवला.

"हिला आत्ताच्या आत्ता दौंडला सोडून या," आत्याबाई म्हणाल्या. "कायमची. ऱ्हाऊ दे तिकडं पाव खात. नवऱ्याच्या बापाला जित्तेपनी मारती बया!"

मामंजी पावासमोर उकिडवे बसले. एक बोट लावलं. पाव खाली बसला. बोट काढलं. पाव वर आला! पुन्हा दाबलं, पुन्हा वर आला. अख्खं अंगण बघायला पुढं सरकलं.

"आयला," मामंजी म्हणाले, "हे तर माझ्यावानी हाय. मारलं तरी उठतंय!"

मग आप्पांनी दाबून पाहिला. मग नावेतल्या मुंडाशावाल्या म्हाताऱ्यानं. रडायला आलेली माणसं रांगेनं पाव दाबत होती.

"खरं बोल सूनबाई," मामंजी म्हणाले. "कुनासाठी आनलावता?"

तोवर मी त्यांच्याशी तोंड वर करून कधी बोलले नव्हते. "माझ्यासाठी. मला आवडतो."

"आन् भाकर?"

"भाकर बी आवडती. पर सकाळच्याला च्यात बुडवून पावच बरा वाटतो."

"मंग कर की च्या."

मी चहा केला. त्यांनी तुकडा मोडला, बुडवला, तोंडात टाकला आणि थांबले. "ह्याला आवाजच न्हाई. चावायच्या आत गेला बी! ह्यानं पोट कसं भरावं?" मग आत्याबाईंकडं वळून म्हणाले, "हिला कुठं सोडायचं न्हाई. रडून रडून मानसं भुकेजलीत, सगळी जेवून जातील. भाकरी सूनबाई थापंल. एकटी."

मी चूल पेटवली, तोच अंगणातून हुकूम सुरू झाले.

"मला ज्वारीची गं, बाजरी उष्ण पडती!"

"माझी कडक भाज!"

"पातळ थाप, पापडावानी!"

"माझी जरा मऊच कर," गोदा वन्सं म्हणाल्या. "रडून घसा बसलाय."

घटकेपूर्वी ह्याच माणसांना जगात काही गोड लागत नव्हतं! मी ऊन कलेपर्यंत थापत होते. तळहात भाकरीएवढे सुजले. शेवटची भाकरी तव्यावर टाकली आणि बाहेरून आवाज आला, "मधी जाड ऱ्हायली!"

ओट्यावरच्या पावांना कोणी हात लावेना. धडधाकट माणूस पाव कसा खाणार? आत्याबाईंनी ते सगळे माझ्यापुढं ठेवले. "खा. एकबी ऱ्हायला न्हाई पायजे." शिक्षा म्हणून खाल्ले. तीन दिवस खाल्ले. (फार आवडले. त्यांना सांगितलं नाही.)

मामंजी त्यानंतर वीसेक वर्षं जगले, ते भाकरीवरच. आत्याबाई, गोदा वन्सं, धोंडीआप्पा, सगळे आपापल्या वेळेला गेले. त्या दिवशी अंगणात होतो त्यातली आता मी एकटी उरलेय. तोंडात दात नाही, डॉक्टरनं भाकरी बंद केलीय. रोज सकाळी चहात बुडवून पाव खाते, आणि रडायला एक माणूस येत नाही!