नानांची संध्याकाळची फेरी

नाना गेले त्या संध्याकाळी मी हॉस्पिटलमधून घरी आले, तर पंचवटीतल्या आमच्या फाटकाशी जोशीकाका आणि आणखी दोघे म्हातारे उभे. त्यांना कोणी काही कळवलं नव्हतं. नाना बोलवायला आले नाहीत, म्हणून ते स्वतःच आले होते. "मास्तर आज लेट?" जोशीकाकांनी हसत विचारलं... माझा चेहरा पाहिला आणि फाटकाची कडी धरून ते तिथेच खाली बसले.

नाना माझे सासरे. मूळचे वणीकडचे, उभी हयात एसटीत कंडक्टर. सगळ्या नोकरीत या माणसाने दारूच्या थेंबाला शिवलं नाही, याचा आम्हाला कोण अभिमान! आणि तेच नाना नव्वदच्या दशकात निवृत्त झाले, पाठोपाठ सासूबाई गेल्या, आणि ते प्यायला लागले. आधी गुडघेदुखीचं निमित्त, मग झोपेचं. वास सगळ्यांना यायचा, पण उच्चार कोणी करायचं नाही. "या वयात शोभतं का?" एवढंच सगळे आपापसात पुटपुटायचे. माझा स्वभाव तिखट. एकदा चहा देताना सरळच विचारलं, "नाना, दिवसभर चांगले असता. दिवेलागणीलाच काय होतं?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "सुमन, गाडीत मान्सं 'मास्तर, मास्तर' करून जीव खायची. घरी आलो का तुझी सासू वाट पाहत बसलेली. आता सांज झाली का कोनी चढत नाय, कोनी उतरत नाय. दोन घोट घेतले का गाडी भरल्यावानी वाटते."

भांडायला गेले होते, पदर डोळ्यांना लावून परत आले.

डॉक्टरांकडे ते मुकाट्याने आले. तरुण डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, कसलं टेन्शन आहे?" नाना म्हणाले, "कायबी टेन्शन नाय, त्याचाच तर ताप हे." डॉक्टर समजूतदार, हसले नाहीत. "औषध मी देतो, संध्याकाळ मात्र तुम्हालाच भरावी लागेल," म्हणाले. दारू सुटली... आणि पुन्हा लागली. चैत्रात देवीच्या गडाच्या यात्रेला जादा गाड्या सुटल्या, तेव्हा नाना स्टँडवर नुसते बघायला गेले आणि झोकांड्या खात परतले. मला वाटलं, संपलं सगळं.

दुसऱ्या दिवशी ते जुन्या बाजारातून तिकिटांना भोक पाडायचा चिमटा घेऊन आले. स्वतःचा चिमटा निवृत्त होताना डेपोत जमा केला होता. संध्याकाळी तो टिकटिकवत ते जोशीकाकांच्या दारात गेले. काका निवृत्त हेडक्लार्क, घरात एकटे, आणि त्यांच्या कपाटातली बाटली सगळ्या कॉलनीला ठाऊक. "चला, सुटली!" नाना ओरडले. काका चक्क आले! गंगेवर, म्हणजे इथल्या नदीकाठी, जाऊन दोघं शेंगा खात बसले. हळूहळू आणखी दोघे जमले. काकांचं कपाट बंदच राहू लागलं. एखादा पिऊन आला की मी नाक मुरडायची. नाना म्हणायचे, "त्याला मधी उतरवायचं नाय. आज पिला, उद्या नाय पिनार. सीट राखायची."

स्वतः त्यांनी पुन्हा बाटलीला हात लावला नाही. मोह व्हायचा, तो लपवायचे नाहीत. त्या वयात स्वतःची लाज बाजूला ठेवून दुसऱ्याच्या दारात जायला छाती लागते. ती माझ्या सासऱ्यांना होती.

नानांना जाऊन काही आठवडे झाले, तरी जोशीकाका घराबाहेर पडेनात. काल त्यांच्या कामवाल्या बाईंनी सांगितलं, कपाट पुन्हा उघडलंय. आज दिवेलागणीला मी देवापुढे निरांजन लावलं आणि खुंटीवरचा चिमटा काढला. काकांच्या फाटकाशी उभी राहून टिकटिक केली... नानांसारखी काही जमेना. बऱ्याच वेळाने दार उघडलं. तोंडाला वास येत होता.

"मी प्यायलोय गं," ते म्हणाले. "असा कसा येऊ?"

"सीट राखलीय, काका. चला, सुटली."

ते चपला शोधायला आत वळले.