डोंगराकडच्या खोलीतला व्हॉल्व्ह

नरहरी देऊळगावकर मूळचा परभणीचा. कॉलेजात असताना तो लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. पुढे नोकरीच्या मागे हिंजवडीला आला आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधता शोधता त्याचे केस पिकले, पण गिटार काही सुटली नाही. पन्नाशी ओलांडल्यावर कंपनीने माणसं कमी केली, त्यात त्याचाही नंबर लागला. बायको, रजनी, अजून नोकरीत होती. घरी बसून करायचं काय, म्हणून त्याने एका म्हाताऱ्या वादकाकडून, पूर्वी रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा जुना अॅम्प्लिफायर आणला.

असल्या अॅम्पची एक खोड असते. हळू वाजवला तर तो तोंड मिटून बोलल्यासारखा वाजतो. आवाज चढवला, आतले काचेचे व्हॉल्व्ह नीट तापले, की मग त्याचा गळा मोकळा होतो. टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये ते जमण्यासारखं नव्हतं. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी सुरू झाल्या. शेवटी रजनीच म्हणाली, "अहो, आपण गावाकडे कुठे खोल्या बघू. मला ऑफिसला रोज जावं लागत नाही. तुमचा डबा एकदा मनासारखा वाजू दे."

कोळवणच्या खोऱ्यात गेणबाच्या खोल्या मिळाल्या. गेणबा आणि गोजराबाई, दोघंच. घरासमोर भाताची खाचरं, पाठीमागे डोंगर. भाड्याने द्यायला म्हणून गेणबाने घराला लागून दोन खोल्या काढल्या होत्या, त्या थेट डोंगराच्या पोटाशी. डोंगर तासून मागची भिंत त्याला चिकटूनच उभी केलेली. वरचा उतार त्याने आधीच चुलतभावाला, हैबतरावाला, विकला होता आणि हैबतराव तिथे फार्महाउसचे प्लॉट पाडत होता. उन्हाळाभर वर जेसीबी घरघरत होता. झाडं गेली. डोंगराच्या कमरेतून लाल मातीचा रस्ता कापून काढला गेला. पाऊस लागला तसं काम थांबलं आणि वर राखणीला एकनाथ नावाचा एक माणूस पत्र्याच्या शेडमध्ये राहिला.

त्याच सुमारास नरहरीच्या अॅम्पचा आवाज बसला. वरच्या सुरांतली चमक गेली, खालचे सूर चिखलातून पाय काढल्यासारखे यायला लागले. व्हॉल्व्ह थकले होते. मोठे दोन त्याने जोडीने मागवून बसवले. खरा प्रश्न छोट्याचा होता. गिटारीतून येणारा बारीक आवाज सगळ्यात आधी या छोट्या व्हॉल्व्हमधून जातो, आणि आवाजाचा पोत बराचसा तिथेच ठरतो. त्यासाठी त्याने एक चिनी आणला, एक रशियन, आणि एक पुण्याच्या जुन्या बाजारात सापडला. त्या तिसऱ्याच्या काचेवरची अक्षरं पुसून गेली होती.

एका दुपारी तो तिन्ही आळीपाळीने लावून बसला. चिनी स्वच्छ होता, पण कोरडा. रशियन दणकट होता, पण त्यातून सगळ्या तारा एका मापाच्या ऐकू यायच्या. मग त्याने जुना बसवला, तापू दिला, आणि पहिल्याच सुराला त्याचा हात थांबला. सूर सुटला तो खोलीत रेंगाळला. त्याच्या कडेला बारीकशी खरखर होती, रडून झालेल्या माणसाच्या आवाजात असते तशी.

"हाच ठेवा," रजनी आतून म्हणाली.

जुन्यात दोष एकच होता. आतले बारीक भाग ढिले झाले, की असा व्हॉल्व्ह स्वतःच माइकसारखा वागतो. काचेवर पेन्सिलीने टिचकी मारली की स्पीकरमधून ठण्ण करून आवाज यायचा. जाणकार असला व्हॉल्व्ह काढून टाकतात. नरहरीने सुरापायी तो ठेवला.

अॅम्प फरशीवरच असायचा. गिटार खाली ठेवून तो चहा पीत बसला, की स्पीकरमधून घरातली हालचाल ऐकू यायची. ओट्यावर रजनीने कुकर ठेवला, शेजारी गोजराबाईने मुसळ टेकवलं, गोठ्यात म्हैस उठली, सगळं मंद, दबलेलं. त्याला त्याची गंमत वाटायची. थोड्याच दिवसांत कुठला आवाज कुणाचा, हे त्याला न बघता कळायला लागलं.

एक आवाज मात्र कुणाचाच नव्हता.

धान्याचं पोतं शेजारच्या खोलीत कुणी हलकेच टेकवावं, तसा तो होता. धप्प. मग बराच वेळ काही नाही. पहिल्यांदा ऐकला तेव्हा नरहरीने मान वळवून मागच्या भिंतीकडे बघितलं. त्या बाजूला खोली नव्हती. त्या बाजूला डोंगर होता.

व्हॉल्व्ह आणखी ढिला झाला, असं त्याने धरलं. त्याने काचेभोवती रबराच्या रिंगा चढवल्या. आवाज येतच राहिला. मग त्याने गोधडीची चौपदरी घडी करून अॅम्प तिच्यावर ठेवला, तेव्हा आवाज बंद झाला. गोधडी काढली, की थोड्या वेळाने पुन्हा धप्प. म्हणजे दोष व्हॉल्व्हमध्ये नव्हता. आवाज फरशीतून येत होता.

संध्याकाळी पडवीत गेणबा बसला होता. नरहरीने सहज विचारल्यासारखं विचारलं, "गेणबादादा, जवळपास खाणीत सुरुंग लावतात का?"

"पावसाळ्यात कुटली खाण? समदं बंद हाय. का?"

"फरशीला हादरे बसल्यासारखे वाटतात."

गोजराबाई तांदूळ निवडत होती, तिने हात थांबवले. "मी म्हनलं हुतं न्हवं? गोठ्याचं दार परवापास्नं लागंना. चौकट वाकडी झालीया. आन् मागचा झरा लाल येतुया. जलमात कदी लाल आला न्हवता."

"पावसाचं पानी लालच आसतंय," गेणबा म्हणाला. "तू उगा त्यांना भ्या घालू नगंस."

ती परत तांदूळ निवडायला लागली, पण तिचं लक्ष सुपात नव्हतं.

त्या शनिवारी मुळशीच्या धरणाकाठच्या एका रिसॉर्टमध्ये नरहरीला वाजवायला बोलावलं होतं. लाकडी मंचावर माणसं वावरणार, ग्लास आदळणार. कानाचा एवढा तिखट व्हॉल्व्ह तिथे चालणार नव्हता. त्याने जुना काढून चिनी बसवला. कार्यक्रम बरा झाला. घरी परतल्यावर त्याने चिनी काढला नाही. कोरडा तर कोरडा, पण खोलीत शांतता झाली. अॅम्प चालू असला तरी भिंतीकडून काही येत नव्हतं. तो मुद्दाम जास्त वाजवायला लागला.

पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. खाचरांचे बांध दिसेनासे झाले. एका सकाळी रजनी केर काढत होती. मागच्या भिंतीपाशी ती वाकली आणि तशीच राहिली. फरशीच्या सांध्यात नखाएवढी फट पडली होती. तिने झाडूची काडी आत घातली, ती सरळ खाली गेली.

"अहो, तो आवाज हल्ली येत नाही ना?"

"नाही. व्हॉल्व्ह बदलला मी."

रजनी काडी हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. "आवाज थांबला म्हणून बदललात, की बदललात म्हणून ऐकू येत नाही?"

नरहरीने हातातली गिटार खाली ठेवली. आयुष्यभर त्याने एकच काम केलं होतं. चूक दिसली की तिचं मूळ शोधायचं, नुसती झाकायची नाही. इथे त्याने ती झाकली होती, आणि वर निवांत गिटार वाजवत बसला होता. त्याने चिनी उपटून काढला, जुना बसवला, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. गिटारीला हात लावला नाही.

फार वाट बघावी लागली नाही. आता पोतं टेकवल्यासारखं नव्हतं. आधी करकर यायची, ओलं लाकूड पिळल्यासारखी, आणि मग धप्प. दोहोंमध्ये श्वास घेण्याएवढी सवड. रजनीने जाऊन गोजराबाईला बोलावून आणलं. ती दारातच उभी राहून ऐकत होती.

"ह्ये कुटनं येतंय?"

"जमिनीतून," नरहरी म्हणाला.

गोजराबाई भिंतीपाशी गेली आणि तिने तळहात टेकवला. "माळीण गाव डोंगराखाली गेलं तवा माज्या मावसभनीचं समदं घर गेलं. तिकडं बी आदी झराच लाल झाल्ता, म्हनत्यात." हात काढून तिने पदराला पुसला. भिंत ओली होती.

गेणबाला बोलावलं, तर तो दारातून आत येईना. "त्यो डबा जुना हाय, काय बी वाजतोय," म्हणाला. मग त्याने हैबतरावाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. हैबतराव पुण्यात होता.

"दादा, डोंगर काय गिटारीतून बोलतोय व्हय?" तो हसला. "प्लॉटचं बुकिंग चालू हाय. आसलं काय गावात पसरवू नगा. पाऊस उघडला की मी येतो, बघतो."

गेणबाने फोन खिशात टाकला आणि दारातून वर डोंगराकडे बघितलं. ती जमीन त्याने विकली होती. आता तिथून काही खाली आलं, तर लोक हैबतरावाइतकंच त्यालाही बोलणार होते, आणि ते त्याला आत्ताच ऐकू यायला लागलं होतं.

नरहरीने तलाठ्याला फोन केला. फोन लागला, तलाठी साहेबांना कळवतो म्हणाला, आणि तेवढ्यात वीज गेली. स्पीकरमधली करकर विझत विझत गेली. व्हॉल्व्हमधला तांबूस उजेड मावळला. खोलीत फक्त पावसाचा आवाज उरला. सगळे त्या बंद डब्याकडे बघत उभे राहिले.

गोजराबाई आधी हलली. "आवं, म्या जनावरं सोडतीया," ती गेणबाला म्हणाली. "तुमी या न्हाईतर बसा."

"भर पावसात कुटं न्हेतीस?"

"शाळंत. गावात." ती गोठ्याकडे निघालीही होती.

रजनीने कागदपत्रं आणि कपडे एका पिशवीत भरले. अॅम्प उचलायला दोन माणसं लागायची. नरहरीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि गिटार तेवढी पाठीला लावली. मग त्याला एकनाथ आठवला. रजनी नको नको म्हणत असताना तो कडेच्या पायवाटेने वर गेला. लाल रस्त्यावर पोचल्यावर त्याला दिसलं, की रस्त्याच्या मधोमध लांबच लांब भेग आहे, आणि पावसाचं सगळं पाणी आवाज न करता तिच्यात उतरतंय.

एकनाथ शेडच्या दारात विडी ओढत होता. नंदुरबारकडचा, वयाने पोरसवदा नव्हे, चांगला चाळिशीचा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मालक बोलला, जेसीबीचं डिझेल सोडून जायचं नाही."

"डिझेल राहू दे. ही भेग बघ."

"बघितली. रोज बघतो." त्याने विडी विझवली. "मालकाला विचारतो, मग येतो. फोनला रेंज आली की विचारतो."

नरहरीने त्याचा दंड धरला, तर त्याने तो हलकेच सोडवून घेतला. खालून रजनीच्या हाका येत होत्या. नरहरी एकटाच उतरला.

सगळे शाळेच्या पडवीत पोचले. गेणबाही आला, एका कोपऱ्यात बसला. दुपार कलायच्या आत डोंगर आला. मोठा स्फोट वगैरे काही झाला नाही. आधी ओल्या मातीचा वास आला, मग लांब ट्रक खडी ओततो तसा आवाज, आणि तो थांबेचना. पाऊस जरा विरळ झाल्यावर बघितलं, तर घराशेजारच्या दोन खोल्या नव्हत्या. गोठा नव्हता. गेणबाचं राहतं घर अर्ध्या भिंतीपर्यंत चिखलात उभं होतं. पुढची खाचरं लाल झाली होती.

वर पत्र्याची शेड तशीच होती. रस्ता तिच्या दारापासूनच तुटला होता आणि त्या काठावर एकनाथ खांबाला धरून उभा होता. गावातल्या माणसांनी पलीकडच्या बाजूने चढून दोर टाकला, त्याला ओढून घेतलं. गोजराबाईने त्याला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी तो एस.टी.ने निघून गेला, पगारालाही थांबला नाही.

सरकारी माणसं आली, फोटो काढून गेली. त्यांच्यातला एक अधिकारी नरहरीला बाजूला घेऊन म्हणाला, की आला तो भाग थोडा आहे. भेगेच्या वरचा बराच अजून सुटून बसलाय. तो कधी येईल, हे सांगता येत नाही.

नरहरी आणि रजनीने पौडला जागा घेतली, मोकळ्या मैदानातली. डोंगर दिसेल अशी खिडकी असलेली खोली रजनीने नाकारली. गिटार तो अजून वाजवतो, नुसती, विजेशिवाय.

ऊन पडायला लागल्यावर तो एकदा जीपने कोळवणला गेला. गोजराबाई गावात पुतणीकडे राहत होती. दिवसा येऊन खाचरं बघायची आणि दिवे लागायच्या आत परतायची. गेणबा मात्र चिखल उपसून घरात राहायला गेला होता. मागच्या भिंतीला त्याने नवीन गिलावा केला होता. वर हैबतरावाने प्लॉटचा बोर्ड पुन्हा सरळ उभा करून घेतला होता.

गेणबाने चहा केला. नरहरीला डोंगराकडे पाठ करून बसवेना, तो उभ्यानेच प्यायला.

"दादा, झरा कसा येतोय?" त्याने विचारलं.

"आटला," गेणबा म्हणाला. "हिकडचा आटला. आता वरल्या अंगाला निगालाय, शेडच्या मागं, लालच." त्याने कपबशी उचलली. "पुडल्या पावसाळ्याचं पुडं बघू."

गोजराबाई खाचराच्या बांधावरून दोघांकडे बघत होती. ऊन अजून बरंच होतं, तरी तिने विळा कमरेला खोचला आणि गावाच्या वाटेला लागली. नरहरीही तिच्या मागोमाग उतरला.