मोजणीच्या आठवड्यातले ओल्डरॉइड मास्तर

आमच्या हॅदरबीचं स्टेशन गावात नव्हतं. दीड मैलावर, सलगमांच्या शेतात होतं. जागा देणाऱ्या जमीनदाराने अट घातली होती, की धूर आणि तिसऱ्या वर्गाची माणसं त्याच्या खिडकीतून दिसता कामा नयेत. ती त्याला दिसली नाहीत, आणि पुढची शंभर वर्षं आम्ही पावसात भिजत स्टेशन गाठत राहिलो. त्याचाही आम्हाला अभिमान होता.

चार गाड्या जायच्या, चार यायच्या. दूध आणि रूबार्बच्या आंबट देठांच्या पेट्या जायच्या, वर्तमानपत्रं यायची. शनिवारी टोपल्यांतून शर्यतीची कबुतरं यायची. स्टेशनमास्तर सायलस ओल्डरॉइड घड्याळ बघून ती उडवायचे आणि रिकाम्या टोपल्या वेळेच्या चिठ्ठीसकट परत धाडायचे. तिकिटं, दिवे, रेल्वेचं फाटक, सगळं तेच बघत. पण खिडकीवर विचारलेल्या प्रश्नाला फाटकावर उत्तर देत नसत. ते खातं वेगळं.

एकोणीसशे एकसष्टच्या एप्रिलमध्ये त्यांची बायको विनी गेली. दफन तिच्या माहेरी, तीन स्टेशनं पलीकडे स्केल्थॉर्पला व्हायचं होतं.

हेपवर्थबाईंच्या किराणा दुकानात गावाची सभा भरली. बाई म्हणाल्या, "बायकोच्या मयताला जाणाऱ्यांना मास्तरांनी तिकिटं फाडून द्यायची? आणि देतील हो ते. परतीचं हवं का, तेही विचारतील."

आमच्याकडे दुःखात असलेल्या माणसाचा मान राखायचा म्हणजे त्याच्या समोर जायचं नाही. या कलेत आमचा हात कुणी धरणार नाही. आठवडाभर एकही माणूस स्टेशनकडे फिरकला नाही. दूध ट्रकने गेलं, बाजारला आम्ही पलीकडच्या गावाहून बस पकडली, आणि मयतासाठी अख्खी बस ठरवली. ती मी ठरवली. मी शाळेचा मास्तर, असली कामं माझ्याकडेच.

आम्हाला फार उशिरा कळलेली गोष्ट तुम्हाला आत्ताच सांगतो. त्याच आठवड्यासाठी मुख्य कचेरीतून मास्तरांकडे एक तक्ता आला होता. प्रत्येक गाडीत किती माणसं चढली, किती उतरली, ते लिहायचं. कोणतं स्टेशन ठेवायचं, कोणतं बंद करायचं, ते त्यावरून ठरणार होतं. मास्तर कुणाला काही बोलले नाहीत.

दफनाच्या दिवशी आम्ही एक्केचाळीस माणसं बसने निघालो. नदीपर्यंत रस्ता रुळांना लागूनच जातो. शेजारून गाडी आली. विनीची शवपेटी गार्डाच्या डब्यात, आणि पुढच्या रिकाम्या डब्यात मास्तर एकटे, ताठ बसलेले. आम्ही टोप्या काढल्या. त्यांनीही काढली. आपण फार शोभेसं वागलो, असं आम्हाला वाटलं.

त्यानंतर दर बुधवारी, अर्ध्या सुट्टीच्या दिवशी, मास्तर दोन दहाच्या गाडीने विनीच्या थडग्याशी जात आणि चारच्या गाडीने परतत. स्केल्थॉर्पला रोजची बस नव्हतीच.

दोन वर्षांनी स्टेशन बंद करण्याची नोटीस लागली. सुनावणीला आम्ही झाडून सगळे गेलो. अधिकाऱ्याने आकडा वाचला : मोजणीच्या आठवड्यात हॅदरबीचे प्रवासी, शून्य. एकजण होता, पण रेल्वेचा नोकर, फुकट पासावर. तो धरत नाहीत.

हेपवर्थबाई उभ्या राहिल्या. "कुठल्या गाढवाने मोजलं हे?"

शेवटच्या रांगेतून मास्तर उठले. "मी मोजलं, बाई." आणि खाली बसले.

मग अधिकाऱ्याने तारखा वाचल्या. मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो. बाईंनी पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

स्टेशन बंद झालं. मास्तर गावात दोन खोल्यांत राहायला आले आणि बुधवारी रुळांवरून पायी स्केल्थॉर्पला जाऊ लागले. जाऊन-येऊन बारा मैल. एकदा मी सोबत गेलो. अर्ध्या वाटेवर धीर करून म्हटलं, "मास्तर, एक शब्द टाकला असतात, तर सगळं गाव दिवसातून चारदा चढलं-उतरलं असतं."

"माहीत आहे."

"मग?"

"तुम्ही सगळे विनीसाठी एवढं करत होतात. त्यात मी कुठे म्हणू, माझ्या गाडीत बसा?" थोडं चालून म्हणाले, "बरं नसतं दिसलं ते."

"निदान आम्ही एक्केचाळीस जण तरी लिहायचे."

ते थांबले. एवढं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "तुम्ही बसने गेला होतात, गुरुजी."

त्या हिवाळ्यात कंत्राटदाराने रूळ उखडले आणि नदीवरचा पूल भंगारात काढला. रस्त्याने जायचं तर तो नदीपासून पुढे मोठा वळसा घालतो. पासष्टीला आलेल्या गुडघ्यांचं ते काम नव्हे.

पूल गेला त्यानंतरच्या बुधवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. मास्तर चांगला कोट घालून, बूट पॉलिश करून स्वयंपाकघरात बसले होते. कुठे निघालात, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी हवेबद्दल बोललो. मास्तरही हवेबद्दल बोलले, चहा केला, आणि चार वाजेपर्यंत कोट काही काढला नाही.