ब्रेक ऑइल कुठे जात होते

बाळांनो, तुमचे आजोबा गेल्यापासून गाडी मीच चालवते. दर रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, बॉनेट उघडून ब्रेक ऑइल बघायचे ही त्यांची शिस्त मी मोडली नाही. तेलाच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीवर त्यांनी निळ्या शाईने एक रेघ मारली होती. तेल तिथवर हवे.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी तेल रेघेखाली दिसले. झाकण फडक्याने पुसून उघडले आणि भरले. पुढच्या रविवारी पुन्हा तेवढेच खाली. फरशी कोरडी होती. गाडीखाली वर्तमानपत्र अंथरले, आठवड्याने त्यावर एक डाग नव्हता. चाकांच्या आतून बोट फिरवले तर नुसती धूळ. घरात मी एकटी, गॅरेजची किल्ली माझ्या उशाशी, आणि तेल कोणीतरी नेत होते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी बॉनेट उघडण्याआधी मी खोकायला लागले, दुसऱ्याच्या खोलीत शिरताना खोकतो तशी. रेघेपर्यंत भरायला मात्र चुकले नाही. ती त्यांची रेघ होती.

नवरात्रात माझ्याकडे आलेल्या बहिणीला दसऱ्याला शाहूवाडीला तिच्या घरी सोडायचे होते, रस्ता सगळा चढउताराचा. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गाडीची पूजा केली आणि चाकाखालचे लिंबू चिरडायला ती थोडी पुढे घेतली. अंगणाला भिंतीकडे उतार आहे. ब्रेक दाबला, तर पेडल सावकाश खाली जाऊ लागले, खालून कोणी अलगद ओढत असल्यासारखे. गाडी सरकतच राहिली. मी हँडब्रेक ओढला. भिंत वीतभर उरली होती.

शिवाजी पेठेतले आजोबांचे जुने मिस्त्री आले. त्यांनी डबीखालचा ब्रेकचा पंप सोडवला, त्यामागचा पत्र्याचा गोल डबा काढून तिरपा केला. काळपट तेल भळभळा बाहेर आले.

"बाहेर कुठं गळणार, काकी? गाडी आतल्या आत पीत हुती की."

मी म्हटले, मी तर दर आठवड्याला भरत होते.

"म्हणूनच तेल कमी झाल्याचा लाल दिवा पेटला न्हाय. काकांनी रेघ भरायला न्हवती मारली. बघायला मारली हुती."

बहीण दसऱ्याला एसटीने गेली. पंप नवा बसला, डबी जुनीच ठेवली. तेल आता रेघेवरच असते. तरीही रविवारी बॉनेटला हात लावण्याआधी मी खोकते.