सेनापतीच्या शिरस्त्राणावरची पाच बोटं

आमच्या जावयाला सगळी गल्ली भिंगरी म्हणते. धंदा अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवण्याचा, आणि बूड एका जागी टेकेल तर शपथ! माणूस लाखातला, फक्त हाताला दम नाही. आमच्या दाराला रंग दिला आणि वाळला का बघायला स्वतःच टेकून उभा राहिला. त्याच्या सदऱ्याचे धागे अजून त्या दारात आहेत.

हौस नाटकाच्या सामानाची. ढाली केल्या, कंदील केले. पण सगळं घाईत बिघडलेलं, त्यामुळे आमच्या नाट्यमंडळानं त्याची एकही वस्तू रंगमंचावर नेली नव्हती. यंदा म्हाताऱ्या सेनापतीचं काम माझ्या लेकीला मिळालं आणि यानं कोऱ्या पत्र्यातून तिच्यासाठी शिरस्त्राण ठोकलं. घाट असा, की बघत राहावं! पण दिव्याखाली ते नव्या पातेल्यासारखं लखलखायचं.

नाटक बसवणारे शिंपीमास्तर म्हणाले, "सेनापती लढून आलाय की भांडी घासून? प्रयोगाआधी काळं करून आणा, नाहीतर साधी टोपी घालू."

झालं, जावयाची झोप उडाली. आधी काळा रंग मारला आणि पुरता वाळायच्या आतच त्यावर टिचकी मारली. पापुद्रा हातात! प्रयोगाच्या सकाळी त्यानं एक औषध आणलं. ते लावलं की धातूच काळा पडतो, रंगासारखा सोलत नाही. अट एकच: पत्रा निखळ स्वच्छ हवा. बोटाचं तेल लागलं, की तिथं औषध धरत नाही.

पत्रा पॉलिश पेपरनं घासून झाला, साबणानं धुऊन झाला, स्पिरिटनं पुसून झाला. आता तो वाळेपर्यंत थांबायचं. लेकीनं लोकरीची लडी नवऱ्याच्या दोन्ही हातांत अडकवली आणि ती गुंडा गुंडाळायला बसली.

"अहो, हललात तर गुंता तुम्हीच सोडवायचा!"

"मी कुठे हलतोय?" म्हणाला, आणि गुडघा शिवणयंत्रासारखा चालू. त्याचं मन रमावं म्हणून मी आमच्या गावच्या शाळेची, गुरुजींच्या छत्रीत चिमणीनं घरटं केल्याची गोष्ट काढली. चांगली रंगात आली होती हो! तेवढ्यात दाराची घंटा वाजली, लेक उठली आणि यानं लडी माझ्या गळ्यात घातली. मी हां हां म्हणेपर्यंत शिरस्त्राण उघड्या हातानं उचललंसुद्धा.

"वाळलंय, बाबा!"

मग हातमोजे घालून, खिडकी उघडून, कापसानं औषध लावलं. पत्रा करडा झाला, मग काळाभोर. पाण्यानं धुतला, कडा थोड्या घासून जुनाट केल्या. जावई नाचायलाच लागला. लेकीनं शिरस्त्राण फिरवलं तर मागच्या बाजूला पाच बोटं, लख्ख!

बाटली रिकामी. त्यानं मार्कर फासला, तर दिव्याखाली ती बोटं जांभळी दिसायला लागली. लेकीनं तो स्पिरिटनं पुसला.

"राहू द्या आता."

"अगं, शेवटी तू पाठ फिरवून आत जातेस! सगळ्यांना दिसेल!"

"ते मी बघते. तुम्ही फक्त हात खिशात ठेवा."

मास्तरांनी समोरून बघितलं, मान डोलावली. प्रयोग सुरू झाला. जावई उठे, बसे, पुन्हा उठे. मागचे गृहस्थ वैतागले, "अहो, पोटात दुखतंय का?"

शेवटचा प्रवेश. सेनापतीनं आत जायचं होतं. माझ्या लेकीनं शत्रूवर डोळे रोखले, तलवार उगारली आणि एकेक पाऊल मागं टाकत, पाठ न दाखवता, ती विंगेत गेली. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! विंगेतून मास्तरांचा आवाज आला, "हे मी कधी सांगितलं होतं?" आणि लगेच, "राहू दे, असंच राहू दे!"

जावई तेव्हा कुठे खुर्चीला पाठ लावून बसला.

मंडळानं शिरस्त्राण कपाटात ठेवून घेतलंय. तो मात्र नवी बाटली खिशात घेऊन हिंडतो, ती बोटं काळी करायला. कपाटाची किल्ली लेकीकडे आहे, आणि ती काही देत नाही.